विश्लेषण : 'आरएक्स १००' घेताय? आधी आरसी बघा, मग फायरिंग ऐका!

सांगलीहून पेठ नाक्याकडे निघाले की आष्टा लागते. गळीत हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते आणि त्या रांगेच्या कडेने एखादी दुचाकी टर्रर्र करत पुढे निघून जाते. ती कोणती, हे वळून न बघताही शाळकरी मुलाला सांगता येते. यामाहा आरएक्स १००. उत्पादन थांबले १९९६ मध्ये. आज चांगल्या अवस्थेतली गाडी लाखाच्या घरात जाते आणि ती शोधत फिरणाऱ्या अनेकांचा जन्मच १९९६ नंतरचा आहे.

वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात अशा कितीतरी गाड्या अजून गोठ्याच्या कडेला, शेडमध्ये, ताडपत्रीखाली उभ्या आहेत. बहुतेक वेळा ती वडिलांची किंवा चुलत्यांची असते. ती बाहेर काढायची, 'रिस्टोर' करायची, थोडी 'मॉडिफाय' करायची, असे ठरते. मग पैसा नेमका कशावर घालायचा? कोणता बदल केल्यावर परत फिरता येत नाही? आणि आरटीओ काय म्हणते?

स्कायलाइन, आरएक्स-७ सोडून ही दुचाकी का?

जगभर जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचे वेड आहे. १९६९ ची डॅटसन २४०झेड, १९७८ ची माझदा आरएक्स-७, निसानची स्कायलाइन जीटी-आर ही त्यातली मोठी नावे. अमेरिकेत २५ वर्षांहून जुन्या गाडीला आयातीच्या नियमांतून सूट मिळते, म्हणून जपानमधल्या जुन्या गाड्या जहाज भरभरून तिकडे जातात. आपल्याकडे नियम उलटा आहे. वापरलेली कार आणायची तर ती साधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वर शुल्क भरमसाट. त्यामुळे मोबाइलच्या वॉलपेपरवर स्कायलाइन असली तरी दारात ती येण्याची शक्यता जवळपास नाही.

आपल्याकडे जपान आला तो दुचाकीवरून. १९८० च्या दशकात परदेशी कंपन्यांशी भागीदारीची दारे उघडली आणि इंड-सुझुकी एएक्स १००, हिरो होंडा सीडी १००, कावासाकी बजाज केबी १०० पाठोपाठ रस्त्यावर आल्या. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांची आरएक्स १०० नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून आणून इथे जोडले गेले. एस्कॉर्ट्सने त्याआधी राजदूत ३५० आणली होती. ती वेगवान होती, पण तिची तहान आणि किंमत मध्यमवर्गाला झेपली नाही. हिरो होंडाने मायलेज विकले, आरएक्सने कमी पैशांत पिकअप विकला. जगासाठी जपानी 'आरएक्स' म्हणजे माझदा असेल. सांगली-कोल्हापुरात त्याचा अर्थ एकच आहे.

अकरा अश्वशक्तीत एवढे काय आहे?

आकडे बघितले तर आजच्या मुलाला हसू येईल. ९८ सीसी, एक सिलिंडर, चार गिअर, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. ताकद ११ अश्वशक्ती, तीही इंजिन मिनिटाला ७,५०० फेरे फिरत असताना. पण गाडीचे वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. त्या काळातल्या शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाडीला सात-साडेसात अश्वशक्ती मिळत होती. म्हणजे तेवढ्याच सीसीत जवळपास दीडपट ताकद.

हे जमते कारण इंजिन टू-स्ट्रोक आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. ७,५०० फेऱ्यांना सेकंदाला १२५ स्फोट. गॅरेजमध्ये ज्याला 'फायरिंग' म्हणतात तो आवाज हाच. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकेच (पोर्ट) पिस्टन वरखाली होताना उघडतो आणि बंद करतो. इंजिन उघडले तर आत मोजक्याच वस्तू निघतात, आणि गावातल्या कारागिराला ती तीस वर्षे जिवंत ठेवता आली यामागचे खरे कारण तेच आहे. संगणक जोडून 'स्कॅन' करण्यासारखे तिच्यात काही नाही.

दोष त्याच रचनेतला. जळलेला धूर बाहेर जाताना थोडे ताजे पेट्रोलही न जळता निसटते आणि वंगणाचे टू-टी ऑइलही जळते. म्हणून निळसर धूर. १९९६ मध्ये उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि आरएक्स १०० थांबली. पुढे आरएक्सजी, आरएक्स १३५ आल्या; त्याही टिकल्या नाहीत. आज जिला आपण 'क्लासिक' म्हणतो ती प्रदूषणामुळे बंद झालेली गाडी आहे, हे चाहत्यांना आवडत नाही. पण खरे आहे.

'पुंगळी' काढल्याने गाडी पळते का?

आरएक्स हातात आली की पहिला बदल ठरलेला असतो. सायलेन्सरच्या टोकातली जाळीची नळी, म्हणजे पुंगळी, काढून टाकायची. आवाज दुप्पट होतो आणि चालवणाऱ्याला वाटते वेगही वाढला.

टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा आवाज दाबण्याचा नुसता डबा नसतो. तो इंजिनचाच भाग आहे. धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट नळीतून पळते. नळी पुढे रुंदावते तिथून ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडर रिकामा व्हायला मदत करते. मग नळी पुन्हा अरुंद होते, तिथून ढकलणारी लाट फिरते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत परत सिलिंडरमध्ये कोंबते. या येरझाऱ्यांची वेळ ठरावीक फेऱ्यांना बरोबर जुळते. आरएक्सला वरच्या फेऱ्यांत अचानक जी ओढ लागते ती याच जुळणीची. आयसी इंजिनच्या पुस्तकात हा भाग अर्ध्या पानात उरकलेला असतो, पण या गाडीचा जीव त्यात आहे.

आता पुंगळी काढली किंवा बाजारातला भलताच 'बार' लावला तर ही जुळणी बदलते. पुष्कळदा खालच्या फेऱ्यांतला पिकअप जातो. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी होऊ शकते, पिस्टन तापतो आणि शेवटी गाडी 'जाम' होते. जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरचे जेट बदलून नवे प्रमाण बसवणे, हे काम जाणकाराकडून न करता सायलेन्सर बदलणे म्हणजे निम्मेच काम करणे. नुसता आवाज हवा असेल तर ती गोष्ट वेगळी. पण त्याला वेग म्हणू नये.

ब्लॉकला आयुष्य किती असते?

रिस्टोरेशनचा अर्धा हिशेब इथे आहे आणि नेमके इथेच कुणी लक्ष देत नाही. रंग, क्रोम, सीट यांवर हजारो रुपये जातात. ब्लॉक मात्र 'बोअर करून टाका' एवढ्या एका वाक्यात संपतो.

आरएक्सच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. ब्लॉक झिजला की आतून थोडा मोठा कातायचा आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. हे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत मिळतात : ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. म्हणजे मूळ मापापासून चार पायऱ्या. शेवटच्या पायरीला इंजिन ९८ वरून १०२ सीसीचे होते, ताकदीत फरक नावापुरता. त्यानंतर जुनी लायनर काढून नवी बसवावी लागते. तिथे पोर्टची भोके ब्लॉकशी तंतोतंत जुळली नाहीत तर गाडी पहिल्यासारखी कधीच चालत नाही.

म्हणून प्रत्येक बोअरिंग हा शिल्लक रकमेतून केलेला खर्च समजावा. घाईत बोअर करून, रनिंग-इन न करता पहिल्याच आठवड्यात कोल्हापूरपर्यंत पळवलेली गाडी पुन्हा लेथवर येते आणि एक पायरी फुकट जाते. जुनी गाडी घेताना पिस्टन कोणत्या मापाचा आहे हे विचारा. विकणाऱ्याला सांगता आले नाही तर हेड उघडून बघण्याचा आग्रह धरा. पिस्टनच्या डोक्यावर माप कोरलेले असते.

'पोर्टिंग' त्याहून गंभीर. पोर्ट घासून मोठे केले की वरच्या फेऱ्यांत ताकद वाढते, खाली कमी होते. शर्यतीच्या गाडीला ते ठीक. पण घासून काढलेले लोखंड परत भरता येत नाही आणि चांगला मूळ ब्लॉक आता सहज मिळत नाही. दर महिन्याला एक मूळ ब्लॉक कुठेतरी हौसेपोटी असा संपत असेल, तर आणखी दहा वर्षांनी रिस्टोर करायला शिल्लक काय राहणार?

सुट्या भागांचे तसेच. एस्कॉर्ट्स आणि यामाहाची भागीदारी २००१ मध्ये संपली, कंपनी पूर्णपणे यामाहाची झाली. तेव्हापासून जुन्या स्टॉकमधला, कंपनीच्या पाकिटातला भाग म्हणजे खजिना. त्या पाकिटाचीही नक्कल होते. मिकुनीचा मूळ कार्बोरेटर जुना झाला म्हणून फेकू नका. तो साफ करून, सुई आणि वॉशर बदलून पुष्कळदा पूर्ण बरा होतो, आणि चकचकीत नकलेपेक्षा बरा चालतो.

एक गोष्ट गॅरेजमध्ये सर्रास होते. आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. इंजिनच्या गतीनुसार तो ऑइल सोडतो. पंप बिघडेल या भीतीने तो बंद करून ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायला सांगतात. लिटरला २० ते ३० मिली असे प्रमाण धरतात. हे चालते, पण एखाद्या वेळी मित्राने गाडी नेली आणि पंपावर नुसते पेट्रोल भरले, तर पुढच्या काही किलोमीटरमध्ये पिस्टन जातो. पंप दुरुस्त होत असेल तर तोच करून घ्यावा, असे माझे मत.

आपल्याच उसाचा या गाडीशी काय संबंध?

थोडा गमतीचा, थोडा त्रासाचा. सांगली-साताऱ्याचा ऊस कारखान्यात जातो, मळीपासून आणि रसापासून डिस्टिलरीत इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. आज पंपावर मिळणारे पेट्रोल साधारणपणे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे आहे. आष्ट्याच्या शेतकऱ्याला यातून पैसे मिळतात. त्याच्याच शेडमधली आरएक्स मात्र या इंधनासाठी बनलेली नाही.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. ई-२० ला साधारण साडेतेरा. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने हवा देतो, त्यामुळे मिश्रण सुमारे आठ टक्के 'पातळ' होते. फोर-स्ट्रोकला हे फारसे जाणवत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन. मुख्य जेट एक नंबर मोठा बसवून प्लगचा रंग तपासणे हा त्यावरचा साधा उपाय. प्लग पांढरट निघाला तर मिश्रण पातळ, चॉकलेटी निघाला तर ठीक, काळा-ओला निघाला तर जास्त पेट्रोल.

दुसरा त्रास रबराचा आणि टाकीचा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप, वॉशर इथेनॉलने फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, टाकीत पाणी साचते, आतून गंज चढतो. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. एवढे केले तरी निम्मी कटकट वाचते.

गाडी चांगली, कागद नाहीत. मग?

मग ती गाडी घेऊ नका. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही.

आरएक्सची खरी किंमत इंजिनात नाही, चेसिस नंबरात आहे. इंजिन बांधता येते, रंग देता येतो. नोंदणी बांधता येत नाही. मागणी वाढल्यापासून एकाचे आरसी, दुसऱ्याची चेसिस आणि तिसऱ्याचे इंजिन अशा जोडलेल्या गाड्या फिरतात. आरएक्सजी किंवा १३५ ला १०० चे बिल्ले लावूनही विकतात. जाणकार आरएक्स १०० च्या नंबरात '१एल१' हा कोड आधी शोधतात. हँडलच्या गळ्यावरचा चेसिस नंबर टॉर्च लावून वाचा, इंजिनवरचा वाचा, दोन्ही आरसीशी आणि 'परिवहन'च्या नोंदीशी अक्षरनअक्षर ताडून बघा. नंबरभोवती घासल्याच्या खुणा किंवा ताजा जाड रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. चोरीची गाडी विकत घेतल्यावर 'माहीत नव्हते' हे सांगायला पोलीस ठाण्यात उभे राहावे लागते.

या भागात महापुराचाही प्रश्न आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णाकाठच्या गावांत गाड्या आणि कपाटातली कागदपत्रे दोन्ही पाण्यात गेली. आरसी हरवले वा खराब झाले असेल तर फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मिळते. मात्र अर्ज ज्याच्या नावावर गाडी आहे त्याने करायचा असतो. नोंद जुन्या रजिस्टरमध्ये आहे पण ऑनलाइन दिसत नाही, असेही होते. तेव्हा ती आधी संगणकावर चढवून घ्यावी लागते. १९८९ आधीच्या, 'एमएच' सुरू होण्यापूर्वीच्या तीन अक्षरी क्रमांकाच्या गाड्यांना ही पायरी हमखास लागू शकते.

गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत, ही आपल्याकडची सर्वात नेहमीची अडचण. नियमानुसार वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. बहुतेक घरांत हे केलेले नसते. उशीर झाला तरी मार्ग बंद होत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि दंड भरून काम होते. भावाभावांत वाटण्या बाकी असतील तर गॅरेजला गाडी देण्याआधी संमतीवर सह्या घ्या. गाडी चकचकीत झाल्यावर तिच्यावर हक्क सांगणारे वाढतात.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गावात याला 'री-पासिंग' म्हणतात, फॉर्म २५. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी हे शुल्क २,००० रुपये केले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, उशिराचा दंड वेगळा. शिवाय हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी. पीयूसीत एप्रिल २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम ही मर्यादा आहे. नीट जुळवलेली आरएक्स त्यात बसायला हवी. बसत नसेल तर ते बिघाडाचे लक्षण समजा.

'विंटेज'ची सवलत मिळते का, हेही विचारले जाते. नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. सर्वात पहिली आरएक्स १०० तिथे पोहोचायला २०३५ उजाडेल.

किती बदल चालतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत मालकाने फेरफार करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. अनधिकृत फेरफाराला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाला कलम १९० (२) आहे : पहिल्या गुन्ह्याला १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स निलंबित. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवले, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील.

आरएक्स १०० मध्ये १३५ चे इंजिन बसवायचे असेल, तर तो रजिस्ट्रेशनवरची गाडी बदलण्याचा प्रकार झाला. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. चांगले टायर, नवी वायरिंग, चांगले ब्रेक लायनर, नवे स्पोक, सीटची नवी शिलाई यांनी गाडीचे मूळ रूप बिघडत नाही आणि पुढे काढूनही टाकता येतात. ब्रेकवर तर पहिला खर्च करा. ११ अश्वशक्तीची ही गाडी पळायला जेवढी चपळ आहे तेवढी थांबायला नाही. मूळ सायलेन्सर असेल तर तो भंगारात देऊ नका, माळ्यावर टाका. गाडी विकताना तोच किंमत वाढवतो.

क्रोमबद्दल एक सूचना. मूळ मडगार्ड गंजले म्हणून लगेच प्लेटिंगला पाठवतात. प्लेटिंगआधी पॉलिशच्या चाकावर पत्रा घासला जातो आणि प्रत्येक वेळी पातळ होतो. बारीक डाग असतील तर साफ करून तसेच राहू द्यावेत. नव्याकोऱ्या चकाकीपेक्षा मूळ क्रोमवरच्या चार डागांना जाणकार गिऱ्हाईक जास्त पैसे देते.

गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की आम्ही आल्याशिवाय सुरू करू नका. पोहोचल्यावर इंजिनला हात लावून बघा, थंड हवे. थंड गाडी दोन-तीन किकमध्ये सुरू झाली, धूर सुरुवातीला दाट आणि गरम झाल्यावर विरळ झाला, क्रँकमधून खडखड आली नाही, तर पुढची बोलणी करा. पैसे देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तिथेच घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायची असते. 'नावावर नंतर करू' असे म्हणणाऱ्याकडे टोकनही ठेवू नका.